अंडी आणि कोंबड्या

आमच्या घरी ऑम्लेट रस्त्यावर अवलंबून असायचं.

अण्णा प्राथमिक शिक्षक. सकाळची शाळा सुटली की त्यांचा जोडधंदा सुरू व्हायचा. परिंच्याजवळच्या एका पोल्ट्रीतून अंडी उचलायची आणि सासवडच्या दुकानांत टाकायची. बजाजची एम-80, कॅरिअरवर तीस-तीस अंड्यांचे सहा ट्रे, खाली गोणपाटाच्या चार घड्या आणि सगळं मिळून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेलं. दुकानांत जाण्याआधी ते घरावरून जायचे. आई ट्रे उतरवून घ्यायची आणि एकेक अंडं बोटाने चाचपायची. धड ती दुकानाची, फुटली ती आपली. पावसाळ्यात रस्ता उखडला की मी आणि भाऊ तोंड पाडून बसायचो आणि मनातून खूश असायचो.

अण्णांचा या विषयावर अभ्यास होता. मागच्या चाकात हवा दोन पौंड कमी. ट्रेच्या वरून पट्टा घट्ट हवा, पण इतकाही नको की वरच्या थरालाच दाब बसेल. आणि एक गोष्ट ते वारंवार सांगायचे: अंडं आदळताना फुटत नाही, उसळून परत येताना फुटतं. पुढे इंजिनीअरिंगला ‘रिबाउंड डॅम्पिंग’ नावाचा धडा आला तेव्हा सरांनी फळाभर समीकरणं लिहून शेवटी हेच सांगितलं. आज माझं पोट गाड्यांच्या सस्पेन्शनवर चालतं. त्याची सुरुवात त्या धड्यात झाली नाही, ती गोणपाटाच्या चार घड्यांत झाली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दोन फ्रेंच गाड्या.

कामानिमित्त मी दोन वर्षं क्लेरमाँ-फेराँला होते. मध्य फ्रान्समधलं ओव्हेर्न्य प्रांतातलं गाव. आजूबाजूला विझलेल्या ज्वालामुखींची रांग, गावातलं मोठं चर्चसुद्धा लाव्हाच्या काळ्या दगडाचं. परक्या देशात गेल्या गेल्या काळा पाषाण भेटला की पुरंदरच्या माणसाला बरं वाटतं. मी गावाबाहेर, इस्वारच्या बाजूला डोंगरात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. खाली घरमालक, निवृत्त गुरांचे डॉक्टर. त्यांचे वडीलही गुरांचेच डॉक्टर. आणि गोठ्यात, जिथे आता गुरं नव्हती, तिथे वडिलांची गाडी: 1957 ची सित्रोएन ‘दो शव्हो’.

दो शव्हो म्हणजे दोन घोडे. हे घोडे करापुरते. फ्रान्समध्ये गाडीवरचा कर ठरवायला एक हिशोब होता, त्यात ही दोन घोड्यांच्या वर्गात बसायची. रंग करडा, कारण सुरुवातीची कितीतरी वर्षं दुसरा रंग मिळतच नव्हता. बॉनेटला पन्हळी, आपल्या गोठ्यांवरच्या पत्र्यासारख्या. छप्पर कॅनव्हासचं, गुंडाळून मागे टाकता येणारं. पुढच्या खिडक्यांची काच वर-खाली होत नाही, मधोमध बिजागरी, खालची अर्धी काच बाहेरून वर दुमडायची. पेट्रोल किती आहे ते बघायला काटा नाही, टाकीत काठी बुडवायची. पाऊस आला तर वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चालतात, म्हणजे गाडी जोरात तर वायपर जोरात, गाडी उभी तर वायपर उभे, मग आतून हाताने फिरवा. गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. 1948 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली तेव्हाही पत्रकार असेच हसले होते. तरीही लोकांनी मागणी इतकी नोंदवली की यादी काही वर्षांची झाली. 1949 साली बनल्या जेमतेम 876 गाड्या. मग कंपनीने ठरवलं की ज्यांचं गाडीवाचून अडतं त्यांना आधी द्यायची: खेड्यातले डॉक्टर, गुरांचे डॉक्टर, पाद्री, शेतकरी. मालकांच्या वडिलांना त्यांची पहिली दो शव्हो अशीच मिळाली होती, ही दुसरी.

गाडीमागची अट प्रसिद्ध आहे. 1934 मध्ये सित्रोएन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि क्लेरमाँच्या मिशेलिनने, म्हणजे टायरवाल्यांनी, ती ताब्यात घेतली. कारभार बघायला त्यांनी जी माणसं पाठवली त्यांत पिएर-ज्यूल बुलांजे होते. (बुलांजे म्हणजे पाववाला. आडनावांच्या बाबतीत फ्रेंच आपल्यासारखेच.) त्यांनी इंजिनीअर लोकांना सांगितलं, चार चाकांवर छत्री बनवा. दोन शेतकरी लाकडी बूट घालून बसले पाहिजेत. सोबत पन्नास किलो बटाटे. ताशी 60 किलोमीटर. शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल. आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये.

हे शेवटचं वाक्य मी कॉलेजात वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की जगात अण्णांसारखा विचार करणारा आणखी एक माणूस होऊन गेला.

1939 साली नमुन्याच्या अडीचशे गाड्या तयार होत्या, ऑक्टोबरच्या प्रदर्शनात मांडायच्या, आणि सप्टेंबरात युद्ध पेटलं. जर्मन आल्यावर बहुतेक गाड्या मोडल्या, काही लपवल्या. त्यांतल्या तीन थेट 1990 च्या दशकात ला फेर्ते-व्हिदामच्या चाचणी-मैदानातल्या एका कोठाराच्या माळ्यावर सापडल्या. बुलांजेंबद्दल असंही सांगतात की जर्मन सैन्यासाठी जे ट्रक बनवावे लागायचे त्यांच्या ऑइल मोजायच्या काठीवरची खूण त्यांनी चुकीच्या जागी करायला लावली. काठी म्हणणार ऑइल पुरेसं आहे, आणि इंजिन मात्र ऐन वेळी जाम. पेट्रोलच्या काठीवर भरवसा ठेवायला सांगणारा माणूस दुसरीकडे काठीलाच खोटं बोलायला शिकवत होता. 1950 च्या नोव्हेंबरात क्लेरमाँहून पॅरिसच्या रस्त्यावर, स्वतः गाडी चालवताना अपघातात ते गेले. त्यामुळे दुसरी गाडी त्यांनी पाहिली नाही.

दुसरी गाडी म्हणजे सित्रोएनचीच देएस. 5 ऑक्टोबर 1955, पुन्हा पॅरिसचंच प्रदर्शन. पहिल्या पंधरा मिनिटांत 743 गाड्यांची नोंदणी झाली आणि दिवस संपेपर्यंत 12,000 ची. या वेळी कोणी हसलं नाही. फ्रेंचमध्ये ‘डी’ आणि ‘एस’ ही अक्षरं सलग म्हटली की ‘देएस’ होतं, म्हणजे देवी. फोटो बघितला नसेल तर शोधून बघा. पुढे माशासारखं निमुळतं तोंड, जाळी जवळपास नाहीच, मागची चाकं अर्धी झाकलेली, स्टिअरिंगला एकच दांडी, ब्रेकला पेडल नाही, जमिनीवर अळंबीसारखं बटण. मागचे इंडिकेटर छपराच्या कोपऱ्यांत. सत्तर वर्षांपूर्वीची गाडी आहे यावर आजही विश्वास बसत नाही.

या दोन गाड्यांची तुलना कोणी करत नाही. एक शेतकऱ्याची, एक राष्ट्राध्यक्षांची. एकीचं इंजिन 375 सीसी आणि ताकद नऊ अश्वशक्ती, दुसरीचं 1911 सीसी आणि 75. एक अर्ध्या टनाची, दुसरी सव्वा टनाच्या आसपास. फ्रेंच लोक फियाट 500 किंवा फोक्सवॅगनची बीटल काढतात आणि दो शव्होशी लावून बघतात, आणि देएससमोर मर्सिडीज. मला ते पटत नाही. दोन्ही गाड्या एकाच खोलीत जन्मल्या. दोन्हींचा मुख्य इंजिनीअर आंद्रे लफेव्र, विमानं बनवून आलेला माणूस. दोन्हींचा आकार फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराचा. पन्हळी पत्र्याचं खोकं आणि वाहत्या पाण्यासारखी देवी एकाच हाताने घडवली. आणि दोन्हींच्या मागे प्रश्नही एकच: रस्ता वाईट आहे आणि तो लवकर सुधारणार नाही, तर माणसाच्या पाठीचं काय करायचं?

उत्तरं मात्र दोन टोकांची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, नको असेल त्यांनी पुढे जावं.

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला सस्पेन्शन शिकवावं लागत नाही. पुढचं चाक खड्ड्यात जातं, गाडी पुढे वाकते. मग मागचं चाक जातं आणि शेवटच्या बाकावरचा माणूस टपाला टेकून येतो. धक्क्यापेक्षा हे पुढे-मागे डुलणं जास्त वाईट. त्याने पोट ढवळतं, गाडी लागते. दो शव्होत यावर केलेला उपाय इतका सोपा आहे की तो सुचायला फार हुशार माणूस लागला असणार. तळाखाली दोन्ही बाजूंना एकेक आडवी नळी, तिच्यात स्प्रिंगा. पुढच्या चाकाचा दांडा नळीला एका टोकाने ओढतो, मागच्या चाकाचा दुसऱ्या टोकाने. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खी नळी पुढे सरकते आणि तोच ओढा मागच्या चाकाला खाली रेटतो. म्हणजे गाडीचं नाक उचललं जात असतानाच ढुंगणही उचललं जातं, आणि बसलेला माणूस पातळीत राहतो. मागच्या चाकाला पुढच्याकडून आधीच निरोप गेलेला असतो. शिवाय प्रत्येक चाकापाशी एक डबा, त्यात स्प्रिंगवर ठेवलेलं वजन. चाक थरथरलं की ते वजन उलटं नाचतं आणि थरथर खाऊन टाकतं. तेल नाही, पंप नाही. लोखंड, स्प्रिंग आणि भूमिती.

देएसमध्ये स्प्रिंगच नाहीत. प्रत्येक चाकाला सोललेल्या नारळाएवढा लोखंडी गोळा, आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आलं की तेल पडद्याला दाबतं, वायू आक्रसतो आणि परत फुगतो. वायूपेक्षा मऊ स्प्रिंग नाही. आणि परत येताना तेलाला बारीक छिद्रातून जावं लागतं, त्यामुळे अण्णांचा तो ‘परतीचा धक्का’ तिथेच विरघळतो. इंजिनवर चालणारा पंप हे तेल हवेच्या दीडशेपट दाबाने फिरवत ठेवतो. मागे पाच माणसं आणि सामान कोंबलं तरी यंत्रणा जास्त तेल सोडून गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणते. हे सगळं जुळवणारा पॉल माजेस सतराव्या वर्षी कंपनीत लागलेला. इंजिनीअरिंगची पदवी नाही, स्वतःच शिकलेला. आमच्या धंद्यात आजही मुलाखतीला आधी पदवी विचारतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

फरक कुठे कळतो ते सांगते. मागे ओझं भरलं की गाडी मागे बसते आणि हेडलाइटचा झोत झाडांवर जातो. देएस स्वतःच उठून समतल होते, प्रश्न उरतच नाही. दो शव्होत ड्रायव्हरसमोर एक मूठ आहे. ती फिरवली की हेडलाइट खाली वळतात. बस. मला त्या मुठीचं फार कौतुक आहे.

आणि बिघाडाचं म्हणाल तर देएसमध्ये एकच तेल सस्पेन्शन सांभाळतं, ब्रेक लावतं, स्टिअरिंग हलकं करतं, क्लच आणि गिअरही बदलतं. एका कर्त्या माणसावर अख्खं घर. सुरुवातीच्या लाल तेलाला ओल धरायची खोड होती, आतले भाग गंजायचे, गळती व्हायची, गल्लीतल्या मेकॅनिकला काय करावं कळायचं नाही. 1957 मध्ये कंपनीला साधे ब्रेक आणि साधा गिअर असलेली स्वस्त आवृत्ती काढावी लागली, आणि तेलाचा प्रश्न सुटला तो 1966 मध्ये हिरवं खनिज तेल आल्यावर. दो शव्होचं इंजिन हवेने थंड होतं, रेडिएटरच नाही, तर पाणी गोठायची भीतीही नाही. देएस जास्त हुशार, दो शव्हो जास्त शहाणी, असं माझं मत आहे. पण हे मत झालं गाडीच्या खाली वाकून बघितल्यावरचं. आत बसल्यावर काय वाटतं ते वेगळं.

मे महिन्यात अण्णा तीन आठवडे राहायला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. फ्रान्समध्ये बघण्यासारखं काय याची यादी मी केली होती, त्यांना त्यातलं फारसं काही नको होतं. डोंगर आवडले. एका रविवारी गावात प्लास द जोद चौकात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, मालक आम्हाला घेऊन गेले. चौकात व्हेर्सँजेतोरिक्सचा अश्वारूढ पुतळा आहे, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणाऱ्या बार्तोल्दीने केलेला. अण्णांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, यांनी इथल्याच डोंगरावर रोमन सैन्याला हरवलं. अण्णांनी पुतळ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाले, “डोंगर माहितीचा असणार.”

मालकांच्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर 1969 ची देएस 21 घेऊन आले होते. गाडी उभी होती ती जमिनीला पोट टेकल्यासारखी. आम्ही मागे बसलो. सीट इतकी खोल की अण्णा बुडाले. डॉक्टरांनी चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि काही क्षणांनी गाडीचा मागचा भाग सावकाश वर यायला लागला, मग पुढचा.

“अगं,” अण्णा म्हणाले, “ही म्हशीसारखी उठते.”

खरंच होतं. म्हैस आधी मागच्या पायांवर उठते. डॉक्टरांनी विचारलं, वडील काय म्हणतात? आता ज्या गाडीचं नाव देवी, तिला आमच्या वडिलांनी म्हैस म्हटलं, आणि आमच्याकडे देवी आणि महिष यांचं काय नातं आहे, हे सगळं मला फ्रेंचमध्ये सांगता येईना. मी म्हटलं, फार सुंदर उठते म्हणतात.

गावाबाहेर दगडी फरसबंदीचा एक जुना रस्ता आहे. डॉक्टरांनी मुद्दाम तिकडून नेलं. दगड येताना दिसत होते. माझा हात आपोआप वरच्या दांडीकडे गेला आणि तिथे उगीचच राहिला, कारण काही झालंच नाही. खालून फक्त आवाज आला, दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा असावा तसा. गाडी एका संथ झोपाळ्यासारखी वर गेली आणि खाली आली, साधारण चालण्याच्या लयीत. रोज ज्या आलेखांवर मी भांडते ते असे अंगाला लागले नव्हते. अण्णा थोड्या वेळाने म्हणाले, “पुढे थांबवायला सांग. मला गाडी लागतेय.” आयुष्यभर एम-80 वर धक्के खाल्लेल्या माणसाला धक्का नसल्याचा त्रास झाला. पुस्तकी भाषेत सांगायचं तर डोळे एक सांगतात, कान दुसरं, आणि पोट मध्ये सापडतं. फ्रान्समध्ये देएसच्या मागच्या सीटवर वाढलेल्या एका पिढीला हे माहीत आहे.

रस्त्याच्या कडेला उभं राहून लिंबू-पाणी पिताना डॉक्टरांनी आम्हाला द गॉलचा किस्सा सांगितला. 22 ऑगस्ट 1962. पॅरिसबाहेर पती क्लामारला राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या देएसवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. गाडीत ते, त्यांच्या पत्नी आणि जावई. टायर फुटले, काच फुटली, तरी ड्रायव्हरने वेग न सोडता गाडी घसरणीतून सावरली आणि थेट विमानतळापर्यंत नेली. कोणालाही गोळी लागली नाही. फुटलेल्या टायरांवर गाडी सरळ राहिली याचं श्रेय त्या सस्पेन्शनला आणि पुढच्या चाकांवरच्या ओढीला देतात. विमानतळावर उतरल्यावर मादाम द गॉल यांनी म्हणे पहिली चौकशी केली ती कोंबड्यांची. डिकीत दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी तयार कोंबड्या ठेवल्या होत्या, त्यांना काही झालं नाही ना? फ्रेंचमध्ये पोलिसांनाही चेष्टेने कोंबडी म्हणतात. त्यामुळे भोवतीच्या सुरक्षारक्षकांना वाटलं, बाई आपली विचारपूस करताहेत.

मी हे भाषांतर करून सांगितलं. अण्णा इतके हसले की मळमळ गेली. मग म्हणाले, “बरोबर आहे तिचं. घरचं सामान होतं.”

त्यांच्या परतीच्या आधीच्या शनिवारी मालक दार वाजवून म्हणाले, इस्वारच्या बाजाराला चाललोय, मस्यूंना, म्हणजे अण्णांना, घेऊन जातो. मला घरून काम होतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णा धोतर नाही पण टोपी घालून पुढे बसले. बुलांजे उंच होते आणि त्यांना डोक्यावर हॅट ठेवून बसता आलं पाहिजे म्हणून या गाडीचं छप्पर इतकं वर आहे असं सांगतात. गांधी टोपीचीही त्यात सोय झाली. मी खिडकीतून बघत होते. पहिल्याच वळणावर गाडी अशी कलंडली की अण्णांच्या बाजूची खिडकी जवळपास रस्त्याकडे बघत होती. दो शव्हो कलंडते, उलटत नाही, हे मला माहीत होतं, अण्णांना नव्हतं.

दुपारी परत आले. मालकांच्या हातात चीज आणि कांद्याची जुडी, अण्णांच्या मांडीवर पुठ्ठ्याचा अंड्यांचा खोका, डझनभर. दोन्ही हातांनी धरलेला नव्हता, नुसताच मांडीवर ठेवलेला. मालकांनी मला सांगितलं की येताना त्यांनी मस्यूंना आपल्या वडिलांचा रस्ता दाखवला, म्हणजे शेतातून जाणारी बैलगाडीची वाट, जिथून ते रात्री-अपरात्री गाई सोडवायला जायचे. अण्णा म्हणाले, “ढेकळांतून आलो. शपथ. ढेकळांतून.” मग थोडं थांबून, “पुढचं चाक बसलं की मागचं त्याला धरतं. खाली काय आहे गं?” मी गोठ्यात नेऊन त्यांना खाली वाकून नळी दाखवली. सत्तरीत ते जमिनीवर आडवे झाले आणि हात घालून दांडा चाचपला, जसे पूर्वी ट्रेचा पट्टा चाचपायचे. आडवे असतानाच त्यांनी विचारलं, ही कधीची म्हणालीस? मी म्हटलं, ही 1957 ची, पण पहिली 1948 ला आली. देएस तिच्यानंतर सात वर्षांनी. “म्हणजे आधी अंड्यांचं केलं,” ते म्हणाले, “आणि मग साहेबांचं.”

मी त्यांना सांगितलं की ही गाडी पुढे 1990 च्या जुलैपर्यंत निघत राहिली, शेवटची पोर्तुगालमध्ये मांग्वाल्दच्या कारखान्यात, सगळ्या मिळून अडतीस लाखांहून जास्त, आणि देवी मात्र 1975 लाच थांबली, साडेचौदा लाखांवर. त्यांनी उभं राहून कपडे झटकले. म्हणाले, “मी एम-80 घेतली तेव्हा ही मिळत होती तर.” आपल्याकडे युरोपातून आल्या त्या मॉरिस आणि फियाट, एक कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात बनायची आणि दुसरी मुंबईला कुर्ल्यात, आणि दोन्ही शिक्षकाच्या आवाक्याबाहेर. हे मी बोलले नाही, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

वर येऊन त्यांनी ओट्यावर खोका उघडला. आई करायची तसं एकेक अंडं उचलून बोटाने फिरवून बघितलं. बारा. एकालाही तडा नाही. पुन्हा एकदा मोजून त्यांनी झाकण लावलं, खुर्चीवर बसले आणि टोपी काढली.

“मग आता ऑम्लेट कशाचं करायचं?”